अर्ध्यावर थांबणारा चाकू

१

घडीचा जुना चाकू विकत घेण्याआधी तपासायची एक रीत असते, आणि व्हर्लिन हॉलब्रुक तिच्यातली एकही पायरी गाळत नसे. चाकू मिटलेला असतानाच खिडकीसमोर धरायचा, पाठीच्या स्प्रिंगच्या पट्टीतून उजेड झिरपतो का ते बघायचं. मुठीतल्या खिळ्या मोजायच्या. मग नख खाचेत घालून पातं उघडायचं, मुळाशी ठोकलेला कारखान्याचा छाप भिंगातून वाचायचा, पातं डावीउजवीकडे हलतं का पाहायचं, आणि सगळ्यांत शेवटी मिटताना कान द्यायचा. पूर्व केंटकीच्या डोंगरांत म्हणतात, चाकू चालतो कसा ते हाताला कळतं, बोलतो कसा ते कानाला.

आणखी एक नियम होता. ज्याने उघडला त्यानेच मिटायचा. दुसऱ्याने उघडलेला चाकू मिटला, तर उघडणाऱ्याच्या जिवावर बेततं. हा नियम कुठल्या कागदावर नाही, पण डोंगरातली पोरं चालायला लागायच्या आधी तो शिकतात. व्हर्लिन एकोणसाठ वर्षांचा होता. एकतीस वर्षं त्याने सरकारी वजनकाट्यावर ट्रकचे ब्रेक तपासले होते. असल्या गोष्टींवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. निदान तो तसं सांगत असे.

मार्चमधल्या त्या दुपारी नेव्हा पेनिंग्टनच्या जेवणाच्या टेबलावर हिरव्या बनातीचा तुकडा अंथरला होता आणि त्यावर दोन चाकू होते. दोन्ही किल्डर कंपनीचे ‘रेडबड’. हा एकच नमुना तीन वेळा, तीन तऱ्हांनी निघाला. हाडाची तपकिरी मूठ, एकच पातं, मुठीवर रेडबडच्या फुलाचा बिल्ला. हातभर अंतरावरून तिन्ही सारखेच दिसतात. दुसरी तऱ्हा एकोणऐंशी सालापासूनची; तिच्यात एक खिळी कमी आणि आतली घडणही सोपी केलेली. तिसऱ्या तऱ्हेबद्दल बोलायचं तर जीभ विटाळते. मालकाने बेल्स फोर्कचा कारखाना बंद केला, दोनशे बारा माणसं घरी बसवली, आणि नाव तेवढं विकून टाकलं. ज्यांनी ते घेतलं त्यांनी छाप तोच ठेवला, खोक्यावर ‘वारसा’ असं सोनेरी अक्षरात छापलं, आणि हाडाच्या जागी हाडाच्या रंगाचं प्लास्टिक लावलं. त्यालाही आज लोक हौसेने पैसे मोजतात.

व्हर्लिनने तिसऱ्या तऱ्हेचा उघडला, मिटला आणि बाजूला सारला.

“त्याच्याकडे बघूसुद्धा नकोस,” स्वयंपाकघरातून नेव्हा म्हणाली. ती पंचाहत्तरीची, हात कोपरापर्यंत मक्याच्या पिठात. “एस्टिल म्हणायचा, तो चाकू नव्हे, चाकूचा फोटो आहे.”

एस्टिल म्हणजे तिचा नवरा. चाकू जमवण्यात त्याचा जन्म गेला आणि मागच्या हिवाळ्यात तोही गेला.

“मिस नेव्हा, जाहिरातीत तुम्ही तिन्ही तऱ्हा लिहिल्या होत्या. पहिली कुठाय? मी पन्नास मैल तिच्यासाठीच आलोय.”

“आहे की. मागच्या खोलीत.”

“मग आणू का?”

“नाही आणता यायची. उघडी आहे.”

व्हर्लिन हसला. नेव्हा हसली नाही.

२

पहिली तऱ्हा त्याला हौस म्हणून नको होती.

व्हर्लिनचा बाप होबार्ट किल्डरच्या कारखान्यात पाती बसवायचा. पोरगा पंधराचा झाला की त्याच्या हातात कारखान्यातला एक रेडबड ठेवायचा, हा त्याचा शिरस्ता. थोरल्या डॅलसला सत्त्याहत्तरच्या नाताळात मिळाला, धाकट्या व्हर्लिनला ऐंशीच्या.

एक्क्याऐंशीच्या ऑक्टोबरमध्ये, एका शनिवारी दुपारी, दोघे भाऊ व्हरांड्याच्या कठड्यावर बसून देवदाराच्या काड्या तासत होते. आईने पाणी आणायला हाक मारली म्हणून व्हर्लिन उठला. परत आला तेव्हा डॅलस लाकडाच्या गिरणीत दुपारच्या पाळीला निघून गेला होता, आणि तो बसला होता तिथे कठड्यावर एक रेडबड उघडा पडला होता. व्हर्लिन सोळा वर्षांचा होता. वाऱ्याने चाकू खाली पडेल म्हणून, की थोरला विसरला म्हणून मनातल्या मनात त्याला हिणवत, त्याने तो उचलला आणि मिटला. पातं सरळ बोटावर आलं. रक्त निघालं. चाकू कठड्यावर ठेवून तो चिंधी शोधायला आत गेला.

पाच वाजता फोन आला. पुलाच्या उतारावर कोळशाचा ट्रक डॅलसच्या पिकअपवर चढला होता. ट्रकमध्ये परवानगीपेक्षा नऊ टन जास्त माल होता आणि ब्रेकच्या पट्ट्या कागदाइतक्या उरल्या होत्या. वाहतूक कंपनीने सांगितलं, रस्ता ओला होता. चौकशीला आलेल्या साहेबाने लिहून घेतलं, रस्ता ओला होता. त्या आठवड्यात खोऱ्यात पावसाचा थेंब पडला नव्हता. एकानेही आभाळाकडे बोट दाखवून विचारलं नाही की ओला कशाने झाला.

कठड्यावरचा चाकू बापाने डॅलसच्या शवपेटीत ठेवला. दफनानंतर स्वयंपाकघरात, शेजारणी ताटं विसळत असताना, आई एकच वाक्य बोलली. “कुणीतरी त्याचा चाकू मिटला.”

तिने ‘कुणी’ असं विचारलं नाही. व्हर्लिनने सांगितलं नाही.

तेव्हापासून दर मे महिन्यात, कबरी झाडून फुलं ठेवायच्या रविवारी, ती ते वाक्य एकदा बोलते. त्रेचाळीस वेळा बोलून झालं. कंपनीचं नाव तिने एकदाही काढलं नाही. व्हर्लिनने एकतीस वर्षं हातात टॉर्च घेऊन ट्रकखाली रांगत काढली, हजारो ट्रक रस्त्यावरून उतरवले, चालकांच्या शिव्या खाल्ल्या, वरच्यांनी केलेल्या बदल्या सोसल्या. ब्रेकने मारलं, चाकूने नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तरी रोज दाढी करताना तो उजव्या हाताच्या तर्जनीवरचा वण आरशात येऊ देत नसे.

आई आता शहाऐंशीची होती. या मे महिन्यात कबरीवर डॅलसच्या चाकूसारखा, पहिल्या तऱ्हेचा एक रेडबड उघडा ठेवायचा, असं त्याने ठरवलं होतं. आपण असलं काही ठरवलंय याची त्याला लाज वाटत होती. तरी त्याने पन्नास मैल गाडी हाकली होती.

३

“उघडी आहे म्हणजे?” त्याने विचारलं.

“म्हणजे उघडी आहे. इस्पितळाची गाडी आली तेव्हा एस्टिल टेबलाशी बसून ती पुसत होता. तशीच ठेवून गेला. मी त्या टेबलाला फडकंसुद्धा लावलेलं नाही.” नेव्हाने पीठ कढईत ओतलं. “मिटली की विकीन.”

“मग मिटा की.”

“मी कुठे उघडली?”

“मिस नेव्हा, एस्टिल गेला. आता त्याचं काय वाईट व्हायचंय?”

“तू होबार्टचा धाकटा ना?” ती वळून म्हणाली. “तुझ्या आईने तुला हेच शिकवलं का? जा, बघून ये. डोळ्यांनी बघ, हातांनी नको.”

मागची खोली लांबट होती. एका भिंतीला काचेचं कपाट, त्यात चाकूंची रिकामी खोकी. खिडकीखाली टेबल, टेबलावर चामड्याचा तुकडा, आणि त्यावर तो चाकू. पातं पूर्ण उघडं, टोक खिडकीकडे. दोन्ही बाजूंना धुळीचा पातळ थर होता. चामड्यावर नव्हता, पात्यावरही नव्हता. व्हर्लिनने हात पाठीमागे बांधले आणि वाकून पाहिलं. चार खिळ्या, जुना गोल छाप. पहिलीच तऱ्हा, शंका नाही.

पात्यावर धूळ का नाही, हा प्रश्न त्याच्या मनात आला. तेलावर धूळ दिसत नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. तेलावर धूळ सगळ्यांत आधी बसते.

खोलीत गारठा होता. तो परत टेबलाशी येऊन बसला, दुसरी तऱ्हा हातात घेतली आणि खिळ्या मोजू लागला.

तेव्हा मागच्या खोलीतून आवाज आला.

टक.

४

आवाज लहान होता. पण चाकू तपासणाऱ्या माणसाला त्यात चूक होणं शक्य नव्हतं. पोलादावर पोलाद बसल्याचा आवाज होता तो.

व्हर्लिन हलला नाही. स्वयंपाकघराच्या दारातून त्याला नेव्हाची पाठ दिसत होती. तिचे दोन्ही हात कढईवर होते. रेडिओवर कुणीतरी गुरांचे भाव सांगत होतं.

“काही पडलं का?” त्याने विचारलं.

“कुठे?”

“मागे.”

“जुनं घर आहे. कुठला ना कुठला सांधा करकरतोच.” पण ती वळली नाही, आणि तिच्या हातातला झारा थांबला होता.

पाइप आकसला असेल. फळी फुगली असेल. उंदीर असेल. त्याने एकेक कारण ट्रकच्या चाकासारखं ठोकून पाहिलं. एकही घट्ट बसेना. शेवटी तो उठला.

टेबल तसंच होतं. चामडं तसंच. चाकूचं पातं मात्र आता खिडकीकडे नव्हतं. ते सरळ वर, छताकडे रोखलेलं होतं. बरोबर अर्ध्यात, मुठीशी काटकोन करून, शिपाई उभा राहावा तसं.

पहिल्या तऱ्हेत अर्धा थांबा असतो, हे त्याला संग्राहकांच्या चर्चा वाचून माहीत होतं. पात्याच्या मुळाचा एक कोपरा चौकोनी ठेवलेला असतो. मिटताना पातं अर्ध्यावर येऊन अडतं, पुन्हा जोर लावला तरच पुढे जातं. दुसऱ्या तऱ्हेत खर्च वाचवायला तो कोपरा गोल केला. हे सगळं छापील ज्ञान होतं. पण त्यात जे लिहिलं नव्हतं ते हे, की पाठीच्या पट्टीचा जोर मोडायला माणसाचा अंगठा लागतो. वाऱ्याने ते होत नाही. उंदराने होत नाही. थंडीने तर नाहीच.

त्याने टेबलाचे चारही पाय पाहिले. खिडकी पाहिली, रंगाने चिकटलेली, वर्षानुवर्षं न उघडलेली. जमिनीवर गुडघे टेकून टेबलाखाली टॉर्च मारला. ब्रेक तपासायची सवय. खाली त्याच्या स्वतःच्या बुटांच्या खुणा होत्या, धुळीत, दारापासून टेबलापर्यंत. दुसऱ्या कुणाच्या नव्हत्या.

ते पाहून त्याला हायसं वाटायला हवं होतं.

५

तो परत आला, खुर्चीची पाठ भिंतीला लावून बसला, आणि वाट पाहू लागला. कशाची, ते त्याला दोन मिनिटांनी कळलं. तो दुसऱ्या आवाजाची वाट पाहत होता.

एकदा टक झालं की टाक व्हायलाच हवं. अर्ध्यावर आलेलं पातं पुढे जायलाच हवं. ते जात नव्हतं. रेडिओ बोलत होता, कढई चरचरत होती, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता, आणि सगळं घर एका श्वासावर थांबल्यासारखं झालं होतं. त्याच्या मानेचे स्नायू दुखू लागले. हे असं थांबणं त्याच्या ओळखीचं होतं. फार जुन्या ओळखीचं. कुठलं, ते आठवेना.

हाताला काम हवं म्हणून त्याने दुसऱ्या तऱ्हेचा रेडबड उघडला. मग, पट्टीचा जोर पाहायला, तो सावकाश मिटायला घेतला. पातं अर्ध्यावर आलं. थांबलं नाही. थांबणार नव्हतंच. पण कान मागच्या खोलीकडे असल्यामुळे बोट जागेवरून काढायचं राहिलं, आणि पातं खाडकन खाली आलं.

“आई गं!”

“कापलंस?” नेव्हा ओरडली. “एवढा बाप्या झालास, चाकू मिटता येईना?”

व्हर्लिनने बोट वर धरलं. उजव्या हाताची तर्जनी. जुन्या वणाच्या अगदी शेजारी, त्याला समांतर, एक नवी लाल रेघ उमटत होती.

तो रेघेकडे बघत राहिला. आणि मग त्याला चर्च आठवलं.

रविवारची सकाळ. लाकडी बाक. पाद्रीबुवा नरकाच्या तापमानाबद्दल सांगतायत. डॅलसचा हात कोटाच्या खिशात, आणि खिशातून आवाज: टक. मग काही नाही. काहीच नाही. सगळा बाक पुढे झुकलेला, बापाच्या कानशिलावरची शीर उडतेय, आणि डॅलस देवदूतासारखं तोंड करून समोर बघतोय. अर्ध्या थांब्यावर आणून ठेवायचा नि लोकांना ताटकळत ठेवायचं, हा त्याचा आवडता खेळ. शेवटी आई दातांतल्या दातांत म्हणायची, “मीट एकदाचा, मेल्या!” तेव्हा कुठे व्हायचं: टाक. आणि सगळा बाक श्वास सोडायचा.

डॅलसचा चाकू दोनदा वाजायचा. तो पहिल्या तऱ्हेचा होता. पहिल्या तऱ्हेचा चाकू अर्ध्यावर अडतो. निष्काळजी पोराला बोट काढायला वेळ देतो.

कठड्यावरच्या चाकूने वेळ दिला नव्हता.

व्हर्लिनचा स्वतःचा रेडबड ऐंशी सालचा, म्हणजे दुसऱ्या तऱ्हेचा; त्या दिवसानंतर तो कधी सापडला नव्हता. महिनाभराने त्याने एकदा शोधला होता, मग सोडून दिला. त्या घरात तेव्हा चाकूचं नाव कोण काढणार? पाणी आणायला उठताना आपण तो कुठे ठेवला होता? हातातून टाकला होता. उघडाच. भावाच्या शेजारी. डॅलसने आपला मिटून खिशात घातला असणार, आणि उठून गेला असणार.

आपण आपलाच चाकू मिटला होता.

त्रेचाळीस वर्षं पुरावा त्याच्या स्वतःच्या बोटावर होता, आणि ब्रेकच्या पट्टीची जाडी नुसत्या बोटाने सांगणाऱ्या माणसाने तो एकदाही वाचला नव्हता.

६

तो उठला आणि मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. आत जायचं धाडस झालं नाही. पातं अजून छताकडे रोखलेलं होतं. खिडकीतला उजेड राखेच्या रंगाचा झाला होता.

आपण शहाणे आहोत, शिकलेले आहोत, सरकारी पेन्शन घेतो, हे त्याने स्वतःला एकदा सांगून पाहिलं. मग तो पाय दारातच ठेवून म्हणाला, अगदी हळू, दातांतल्या दातांत, “मीट एकदाचा.”

काही झालं नाही.

स्वतःचीच शरम वाटून तो नेव्हाला हाक मारायला वळला. वळताना नजर काचेच्या कपाटावरून गेली. काचेत टेबल होतं, खिडकी होती, आणि टेबलावर एक मनगट होतं. सुटलेल्या बटणाची बाही, लोंबणारी. पात्याच्या पाठीवर टेकलेला अंगठा. एवढंच. अंगठ्यामागे कोण होतं ते काचेच्या चौकटीबाहेर राहिलं. अंगठ्याला घाई नव्हती. अगदी चिडवत चिडवत, जाणूनबुजून सावकाश, त्याने पातं खाली दाबलं.

टाक.

व्हर्लिनने मागे पाहिलं. खोली रिकामी होती. चामड्यावर रेडबड मिटलेला पडला होता.

त्याला किंचाळावंसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याच्या तोंडून एक लांबलचक श्वास बाहेर पडला, चर्चच्या त्या बाकावर पडायचा तसाच.

पाठीमागून नेव्हा आली. पिठाचे हात तिने अंगापासून दूर धरले होते. तिने चाकूकडे पाहिलं, व्हर्लिनच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, त्याच्या बुटांकडे पाहिलं. ते उंबऱ्याच्या अलीकडे होते.

“तू नाहीस,” ती म्हणाली. विचारलं नाही.

“नाही.”

“टक केव्हा झालं?”

“मघाशी. तुम्ही ऐकलंत?”

“रोज ऐकते. महिनाभर रोज दुपारी टक. मग दारातून बघावं तर पुन्हा सताड उघडा. दुसरा आवाज आज पहिल्यांदा.” ती एकदम हसली. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून तिने खांद्याला गाल पुसला. “अठ्ठेचाळीस वर्षं संसार केला. बरणीचं झाकण म्हणू नकोस, फाटक म्हणू नकोस, एक वस्तू या माणसाने कधी मिटली नाही. आता सुचलं!”

व्हर्लिनला सांगावंसं वाटलं की एस्टिलच होता असं नाही. पण काचेत त्याने अंगठाच तेवढा पाहिला होता, आणि अंगठ्यावर नाव लिहिलेलं नसतं.

“एस्टिलला हा मिळाला कुठे?” त्याने विचारलं.

“भंगारवाल्याकडे. जुन्या, ठोकलेल्या गाड्या तोडतो ना पुलापलीकडे, त्याच्याकडून. कॉफीच्या डब्यात आठ-दहा चाकू होते, सीटांखाली सापडलेले. का रे?”

“सहज.”

पुढे त्याने काही विचारलं नाही. बातमी अर्धी सोडू नये म्हणतात. ही त्याने सोडली.

“मिटला,” नेव्हा म्हणाली. “आता विकायला हरकत नाही. घेतोस?”

व्हर्लिनने मिटलेल्या चाकूकडे पाहिलं. “नको. ज्याने मिटला त्याचा असू दे. मला तो दुसऱ्या तऱ्हेचा द्या.”

“तो? त्याला तर कुणी विचारत नाही. आणि वर चावलाय तुला.”

“म्हणूनच,” व्हर्लिन म्हणाला. “ओळखीचा आहे.”

तिने त्याच्या बोटाला चिंधी बांधली, मक्याचा गरम पाव कागदात गुंडाळून दिला, आणि तो गाडीत बसेपर्यंत व्हरांड्यात उभी राहिली. दार तिने उघडंच ठेवलं होतं. मग काहीतरी आठवल्यासारखं करून तिने ते लोटून घेतलं.

७

घरी आई स्वयंपाकघरात खिडकीशी बसली होती, मांडीवर सफरचंदांचं भांडं घेऊन. आर्मिंटा हॉलब्रुकचे डोळे मंदावले होते, कान मात्र शाबूत होते.

“उशीर केलास. आणि हाताला काय?”

व्हर्लिन तिच्यासमोर बसला. कोट काढला नाही. काढला असता तर धीर गेला असता.

“आई, त्या दिवशी कठड्यावरचा चाकू मी मिटला होता.”

आईची सुरी सालीत थांबली. मग पुन्हा फिरू लागली.

“माहीत आहे मला.”

“माहीत आहे?”

“तुझ्या बोटाला चिंधी कुणी बांधली, शेजारणीने? फोन वाजला तेव्हा भिजलेली चिंधी बदलत होते मी.”

“मग त्रेचाळीस वर्षं बोलली का नाहीस?”

“तुला नाव घेऊन बोलले असते तर तूही गेला असतास,” आई म्हणाली. “एक गेला होता. मी तू सांगायची वाट बघत होते. दर वर्षी. तू आपला मुकाट फुलं ठेवायचास.”

व्हर्लिनने खिशातून रेडबड काढला, तिच्या कानाजवळ धरून उघडला आणि मिटला. एकदाच खाडकन आवाज झाला.

“डॅलसचा असा होता?” त्याने विचारलं.

आईने मान तिरकी केली. “पुन्हा.”

त्याने पुन्हा केलं.

“नाही,” ती म्हणाली. “डॅलसचा दोनदा वाजायचा. अख्खं प्रवचन नासवायचा मेला.” आणि मग तिचं तोंड किंचित उघडं राहिलं.

“त्याने मला असाच चावला होता, आई. असाच, न थांबता. तो माझा होता. मीच उघडला, मीच मिटला. डॅलस आपला खिशात घालून गेला होता.”

खिडकीबाहेर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर चढ चढून गेला.

“म्हणजे शवपेटीत तुझा आहे,” आई म्हणाली.

“हो.”

“बरं झालं. सोबत आहे त्याला.” तिने डोळे पुसले नाहीत, ॲप्रनला सुरी पुसली. आणि मग तिचा आवाज बदलला. असा आवाज व्हर्लिनने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. “तर मग तो ट्रक.”

“हो आई. नऊ टन जास्त. आणि ब्रेक नव्हते.”

“आणि पाऊस?”

“पाऊस नव्हता.”

“नव्हताच. कपडे वाळत घातले होते मी.” तिने भांडं बाजूला ठेवलं. “त्या ट्रकच्या मालकाचं नाव काय होतं रे?”

व्हर्लिनने नाव सांगितलं. आईने ते एकदा स्वतः उच्चारलं, सावकाश, सगळी अक्षरं नीट. त्रेचाळीस वर्षांत त्या घरात ते पहिल्यांदा ऐकू आलं. मग तिने त्याच्या हातातून रेडबड घेतला, नखाने उघडला, एका सफरचंदाच्या चार फोडी केल्या, दोन त्याच्यापुढे सारल्या, आणि चाकू उघडाच टेबलावर ठेवून खाऊ लागली.

व्हर्लिनचा हात सवयीने पुढे गेला आणि सवयीनेच थबकला.

“बघतोस काय?” आई म्हणाली. “मीट.”

“तू उघडलास.”

“मीट म्हणते ना. बोट तेवढं सांभाळ.”